जुनी मारुती घेऊन गोव्याहून थरच्या वाळवंटात: मदतनिधीच्या रॅलीची तयारी

स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची, ती वाळवंटापर्यंत चालवत न्यायची, त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायचा आणि शेवटी गाडीही त्याच कामी लावायची. कमी खर्चाची मदतनिधी रॅली म्हणजे एवढेच. इंग्लंडहून सहारा ओलांडून गांबियाला जाणाऱ्या प्लिमथ-बांजुल चॅलेंजमध्ये गाडी शंभर पौंडांच्या आत घ्यायची अशी अट होती. पोचलेल्या गाड्यांचा तिथे लिलाव व्हायचा आणि पैसे स्थानिक संस्थांना जायचे. युरोपातून मंगोलियाकडे जाणाऱ्या, २००४ साली सुरू झालेल्या मंगोल रॅलीत अट लहान इंजिनाची. गोव्यातून निघणाऱ्यांना सहारा लांब पडतो, पण थर रस्त्याने सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे आणि वाटेतल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मारुतीचा सुटा भाग मिळतो. या लेखात तोच प्रवास धरला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: ही शर्यत नाही. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. वेळ मोजायची नाही, पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही, पत्रकातही ‘स्पर्धा’ हा शब्द नको. याचा विम्याशीही संबंध आहे. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडी किती टिकते याची चाचणी) यांत झालेले नुकसान भरपाईतून वगळलेले असते. तेव्हा कार्यक्रमाचे स्वरूप विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

केव्हा निघायचे

थरमध्ये गाडी नेण्याचे दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. मार्चपासून ऊन चढते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा जुन्या गाडीचे कूलिंग आणि माणसाचा जीव, दोन्ही पणाला लागतात. गोव्यातल्या कॅलेंडरप्रमाणे गाडी पावसाळ्यात शोधावी आणि चवथ (गणेशचतुर्थी) संपली की गॅरेजमध्ये घालावी. चवथीच्या आधी काम दिले तर ते अर्धवट राहते, कारण त्या आठवड्यात मेकॅनिक असो की टिंकरिंगवाला, कोणी हाताला लागत नाही. दिवाळीनंतर चाचणी आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रस्थान, हे वेळापत्रक जमते. नाताळच्या आत परत आलात तर महामार्गावरची पर्यटकांची गर्दीही चुकते.

कुठली गाडी

मारुती ८००, जुनी अल्टो किंवा झेन. यांपलीकडे पाहण्याचे कारण नाही. मारुती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून उघडतो. गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे रुतली तर चार माणसे हातांनी ढकलून काढतात. मोठी जुनी एसयूव्ही दिसायला दणकट असते, पण ती रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी असावी. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत गरमीत नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन बंद पडते.

गोव्यातली जुनी गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा बघा. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात इथली गाडी खालून कुजते, आणि वरचा रंग मात्र चकचकीत असतो. पायाखालची मॅट उचला, मागची सीट काढा, जॅक लावायच्या जागा, दरवाजाखालचा फूटबोर्ड आणि शॉकअब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो तो भाग तपासा. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबले आणि ते आत गेले तर ती गाडी सोडा. रंगावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. इंजिन दुरुस्त होते, पण मागच्या आर्मची (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याची) पकड जिथे वेल्ड केलेली असते तो पत्रा गेला की वाळवंटातल्या पहिल्या खडबडीत पट्ट्यात चाक वाकडे होते.

इंजिनासाठी दोन सोप्या चाचण्या. थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेले आहे. ऑइलचे झाकण उलटे करून बघा. आतून दुधाळ तपकिरी साय असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे.

आरसीवरची मुदत नीट वाचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. किमान एक वर्ष शिल्लक असलेली, कर्जाचा बोजा उतरलेली आणि थकीत ई-चलन नसलेली गाडीच घ्या, नाहीतर शेवटी ती कोणाला देताच येत नाही. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओची मंजुरी लागते, म्हणून रंगाच्या भानगडीत न पडता स्टिकर लावा, तेही काच आणि नंबरप्लेट सोडून. पुढे लोखंडी बुलबार लावू नका, त्याला परवानगी नाही.

गॅरेजमधले काम

पैसे कमी असतील तर ते या क्रमाने घाला: कूलिंग, ब्रेक, टायर, इंजिनाचे बेल्ट, सस्पेन्शन. एसी, म्युझिक आणि सीटकव्हर शेवटी, उरले तर.

इथल्या बहुतेक गाड्या दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्या मारत जगलेल्या असतात आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातलेले असते. आत गंज बसतो, नळ्या अर्ध्या बुजतात. म्हापसा ते पणजी धावताना ते कळत नाही, पण दिवसाला चारशे किलोमीटर चालवले की काटा वर जातो. रेडिएटर काढून साफ करून घ्या. फार जुना असेल तर नवा घाला. वरचा आणि खालचा होसपाइप, क्लॅम्प आणि झाकण नवे. झाकण स्वस्त असते म्हणून दुर्लक्षित राहते, पण त्याची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. ‘गाडी तापते’ म्हटल्यावर काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. तसे करू देऊ नका. डिसेंबरात थरमधली सकाळ पाच-सात अंशांची असते, इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि खरा दोष झाकलेलाच राहतो.

काम झाल्यावर भर दुपारी गाडी उभी ठेवून अर्धा तास आयडलवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा मधूनमधून लागला आणि बंद झाला पाहिजे. लागलाच नाही तर स्विच, रिले किंवा मोटर गेली आहे. लागला आणि बंदच होत नसेल तर बहुधा रेडिएटर अजून बुजलेला आहे.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर टेन्शनर बेअरिंगसह तो बदला. तो तुटला की गाडी जागच्या जागी मरते आणि रस्त्याकडेला ते काम होत नाही. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटलेले असतील तर नवे घाला. फटीतून बारीक वाळू ग्रीसमध्ये गेली की जॉइंट थोड्याच दिवसांत कटकट वाजू लागतो. ब्रेकचे तेल बदला, मागचे ड्रम उघडून साफ करा.

इंजिनाचा तळ दगडांपासून वाचवायला खालून ३ मिलिमीटर जाड पत्र्याची सम्प गार्ड बनवून घ्या. ऑइल ड्रेन करायला भोक आणि हवा जायला चिरा ठेवायला सांगा. बंद तळाची गार्ड लावली तर गरम हवा अडते आणि वाळू साचते. गाडी उचलायची असेल तर स्प्रिंगखाली २० मिलिमीटरपर्यंतचे स्पेसर पुरेत. त्याहून जास्त उचलली की ॲक्सलचा कोन बिघडतो.

टायर नवे, कंपनीने दिलेल्याच मापाचे. रुंद टायर घालण्याचा मोह टाळा. लहान इंजिनावर भार पडतो आणि वळताना ते आर्चला घासतात. स्टेपनी एकाऐवजी दोन.

चाचणी कुठे घ्यायची? पूर्ण सामान भरून दुपारी चोर्ला घाट चढा, वर पोचल्यावर लगेच बंद न करता पाच मिनिटे आयडलवर ठेवा आणि काटा बघा. मग अनमोडने उतरून ब्रेक बघा. वाळूचा सराव मात्र किनाऱ्यावर नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, गुन्हा नोंदतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवे अंडी घालतात. शिवाय खारे पाणी तळाला लागले की पत्र्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो. ओळखीच्या कोणाच्या जमिनीत बांधकामाची वाळू पसरलेली असेल तर तिथे परवानगीने हवा कमी करून गाडी काढण्याचा सराव करा.

वजन

मारुती ८०० ला माणसे आणि सामान मिळून सुमारे साडेतीनशे किलो झेपते. चार माणसे बसली की ते जवळजवळ संपले. म्हणून एका गाडीत दोन, फार तर तीन माणसे, आणि किमान तीन गाड्यांचा ताफा. एकटी गाडी वाळवंटात नेऊ नये. टपावरच्या कॅरिअरवर तंबू, अंथरुणे असे हलकेच सामान, तीस किलोच्या आत. पाणी, अवजारे आणि स्टेपन्या खाली. निघण्यापूर्वी वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा तोलून घ्या. आम्हाला वाटते की या सगळ्या तयारीत एवढ्या कमी पैशांत एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा नाही. मागचे शॉकअब्सॉर्बर फुटणे, टायर तापून फाटणे आणि घाटात इंजिन तापणे यांच्या मुळाशी बहुतेक वेळा जास्तीचे वजनच असते.

सुटे भाग प्रत्येक गाडीसाठी एवढे: एअर फिल्टर दोन, फ्यूएल फिल्टर एक, फॅन बेल्ट एक, स्पार्क प्लग तीन आणि त्यांच्या वायरींचा संच, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, दोन्ही होसपाइप, क्लॅम्प चार, पंख्याचा रिले, फ्यूज, हेडलाइटचे दोन बल्ब, इंजिन ऑइल दोन लिटर, कूलंट दोन लिटर, टायरमापाची एक ट्यूब, बांधायची तार, एम-सील आणि इन्सुलेशन टेप. ट्यूब विसरू नका. टायर कडेला कापला गेला तर पंक्चरची दोरी तिथे धरत नाही. आतून जाड रबराचा तुकडा आणि ट्यूब घालून हळूहळू गावापर्यंत जाता येते. ताफ्यातल्या सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या असतील तर हे सामान वाटून घेता येते. सारख्या गाड्या घेण्याचा खरा फायदा तोच.

रस्ता

पाच दिवस धरा. पहिल्या दिवशी पणजीहून सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूरमार्गे सातारा, सुमारे ३४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पुणे आणि मुंबईच्या बाहेरून वापी, ४०० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी वडोदरा, अहमदाबाद ओलांडून मेहसाणा. चौथ्या दिवशी सांचोरमार्गे बाडमेर. पाचव्या दिवशी फक्त दीडशे किलोमीटरवरचे जैसलमेर, म्हणजे दुपारी गाड्या तपासायला वेळ मिळतो. ताशी सत्तरच्या वर जाऊ नका. लिटरला चौदा किलोमीटर धरले तर जायला सुमारे ११५ लिटर पेट्रोल लागते. वाळवंटातल्या फिरण्यासाठी आणखी ३० लिटर धरा, कारण मोकळ्या वाळूत गाडी निम्मेच अंतर देते. अंधार पडल्यावर चालवू नका. राजस्थानात रात्री रस्त्यावर उंट, गाई आणि नीलगाई बसलेल्या किंवा उभ्या असतात, आणि लहान गाडीच्या बॉनेटपेक्षा उंटाचे पाय उंच असल्याने त्याचे धड थेट काचेवर येते.

गाडीत दारूची एकही बाटली नको. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या तपासतात आणि पुढे गुजरातमध्ये तर दारूबंदीच आहे. सापडली तर गाडीच जप्त होऊ शकते, आणि मग रॅली तिथेच संपते. फेणी भेट म्हणून नेण्याचा विचारही सोडा. काजू न्या.

ताफ्यात परदेशी मित्र असतील तर त्यांना आधीच दोन गोष्टी सांगा. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. आणि सीमेलगतच्या पश्चिम राजस्थानात परदेशी नागरिकांना काही भागांत जायला प्रशासनाची परवानगी लागते. सीमेजवळ ड्रोन कोणीच उडवू नये.

वाळूत

जैसलमेरहून रामगड सुमारे ६५ किलोमीटर, तनोट १२० च्या आसपास, आणि तिथून लोंगेवाला. हा रस्ता डांबरी आहे. जैसलमेरला टाकी भरा, रामगडला पुन्हा भरा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका. गरमीत वाफ होऊन कॅन फुगतो आणि डिकीत ती वाफ साचते.

रस्ता सोडून आत शिरण्यापूर्वी जागा कोणाची आहे ते विचारा. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटर आहे आणि माळढोकाचे जे थोडे पक्षी जगात उरले आहेत त्यांचा सगळ्यात मोठा आसरा तोच. तिथे गाडी रानात घालायची नाही. पोखरणजवळ लष्कराची फायरिंग रेंज आहे. गावांची ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवरायाच. त्यांतून चाकोरी पाडू नका. मदतीसाठी निघालेल्या ताफ्याने कोणाचे चराऊ रान तुडवावे हे बरोबर नाही. गावातला एखादा जीपवाला दिवसाच्या मजुरीवर वाटाड्या म्हणून घ्या, तो रस्ताही दाखवतो आणि जागेची माहितीही देतो.

वाळू दिसली की आत शिरण्याआधी हवा कमी करा. रुतल्यावर नाही. नेहमीची २८-३० पीएसआय असेल तर १६-१८ वर आणा. टायर लांबट पसरतो, वजन वाटले जाते आणि चाक वर तरंगते. १४ च्या खाली जाऊ नका, वळताना ट्यूबलेस टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असेपर्यंत वेग तीसच्या आत ठेवा आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. डांबरावर येताच पुन्हा भरा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. पंप बारा व्होल्टचा, थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा पंप लावला की फ्यूज उडतो.

दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, ब्रेक नाही. थांबायचे असेल तर पाय काढून गाडी आपोआप थांबू द्या, आणि नाक उताराकडे असेल अशी जागा निवडा. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूची उशी तयार होते आणि निघताना तीच अडते. उंच टेकाडांवर या गाड्या न्यायच्याच नाहीत. लहान उतारावरही तिरपे जाऊ नका, गाडी आडवी होते.

चाक गरगर फिरू लागले की त्याच क्षणी पाय काढा. आणखी तीन-चार सेकंद रेस केली तर गाडी पोटावर टेकते आणि मग अर्धा तास खोदावे लागते. खाली उतरा, सामान काढा, चारही चाकांपुढची वाळू फावड्याने उताराने काढा, आणि पोटाखालचीही काढा; लोक ती विसरतात आणि म्हणूनच गाडी हलत नाही. पुढच्या चाकांखाली लाकडी फळ्या किंवा जाड सुंभाचे पायपुसणे घाला. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे काढणे बहुतेक वेळा सोपे, कारण तिथली वाळू दाबली गेलेली असते. दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर दोर फक्त ओढण्याच्या हुकाला बांधा, बंपर किंवा सस्पेन्शनच्या आर्मला कधीच नाही. दोरावर मधोमध जाड चादर टाका आणि बाकीच्यांना दोराच्या लांबीइतके दूर उभे करा. दोर तुटला तर त्याचे टोक जीवघेणे असते.

रोज संध्याकाळी एअर फिल्टर काढून झटका, रेडिएटरच्या जाळीतली वाळू मागून पुढे पाण्याने धुवा, चाकांचे नट पाना लावून तपासा. विलायती बाभळीचे काटे टायरमध्ये रुतून राहतात आणि हवा हळूहळू जाते, म्हणून सकाळी हवा मोजल्याशिवाय निघू नका.

पाणी माणशी रोज पाच लिटर पिण्यासाठी, गाडीसाठी वेगळे दहा लिटर, आणि हे सगळे एकाच कॅनमध्ये नाही. थंडीत तहान लागल्याचे कळत नाही. पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि कोकमाचे आगळ घातले तर पिणे होते. गोमंतकीयांकडून न्यायचे नेहमी राहतात ते गरम कपडे आणि पांघरूण: कानटोपी, जाड स्वेटर आणि स्लीपिंग बॅग घ्याच.

पैसा आणि गाडीचे पुढे काय

प्रवासाचा खर्च टीमने स्वतःच्या खिशातून करायचा आणि देणगीदाराचा प्रत्येक रुपया थेट संस्थेच्या खात्यात जायचा, ही आमची ठाम सूचना. पैसे एखाद्या सदस्याच्या यूपीआयवर घेऊ नका. संस्था निवडताना तिची नोंदणी आणि प्राप्तिकरातली, देणगीदाराला करसवलत देणारी ८०जीची मान्यता बघा, आणि देणगीदारांना सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

गोव्यात एक खास अडचण येते. नातेवाईक आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात असतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे ठीक आहेत. पण ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी, तो ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक म्हणून कार्डधारक) असला तरी, परदेशी योगदान धरली जाते आणि संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय ती घेता येत नाही. हे आधी न सांगितल्यास संस्थाच अडचणीत येते.

गाडी कोणाला द्यायची ते निघण्यापूर्वी ठरवा आणि त्यांना खरोखर हवी आहे का ते विचारा. दारात आणून सोडलेली जुनी गाडी विमा, पेट्रोल आणि दुरुस्तीचा बोजा होऊन बसते. राजस्थानातल्या संस्थेला किंवा खरेदीदाराला द्यायची तर गोव्यातल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०. एनओसीला वेळ लागतो, म्हणून अर्ज निघण्याआधीच करा. दुसरा मार्ग म्हणजे गाडी परत आणून इथेच विकायची आणि रक्कम संस्थेला द्यायची. कागद कमी लागतात, पण परतीचे ११५ लिटर पेट्रोल त्या रकमेतून मनात वजा करून बघा. गाडी हातातून गेली की फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, सही केलेल्या फॉर्मच्या आणि ताबा-पावतीच्या प्रती ठेवा, आणि आरसीवर नवे नाव चढल्याचे परिवहनच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोवर त्या गाडीच्या अपघाताची आणि चलनाची नोटीस जुन्या मालकाच्या पत्त्यावर येते.